जयलक्ष्मी आत्या आणि समुद्रातल्या गोगलगायी

लग्न मोडून जयलक्ष्मी आत्या म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या माहेरी परतल्या तेव्हा पुरत्या पंचविशीच्याही नव्हत्या. थोरले भाऊ वेंकोबा एवढंच म्हणाले, देवघर आता तुझं. तेव्हापासून पहाटे अंघोळ करून मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, लुगडं नेसायचं, मागच्या विहिरीचं पाणी शेंदायचं, चिंचेने लख्ख घासलेला तांब्याचा हंडा भरायचा आणि त्या पाण्याने देवांना न्हाऊ घालायचं, यातच त्यांचा जन्म गेला. वेंकोबा वारले, घर त्यांच्या मुलाचं, रघूत्तमचं झालं. देव जागेवर राहिले, आत्या मात्र अडगळीत जमा झाल्या.

रघूत्तमची नोकरी बेंगळुरूला, म्हैसूरला तो शनिवार-रविवारपुरता यायचा. त्याला हौस एकच. हॉलमध्ये त्याने खाऱ्या पाण्याचा भला मोठा टँक मांडला होता. त्यात मासे होते, आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या, मोठ्या लिंबाएवढ्या शंखांच्या समुद्री गोगलगायी होत्या. त्याची बायको मधुमिता टँकला हात लावायची नाही. बेट्टदपुरकडच्या एका वृद्धाश्रमात चौकशीही तिनेच करून ठेवली होती. रघूत्तम म्हणाला, टँककडे बघायला कुणीतरी हवंच आहे, तूर्त आत्या राहू देत.

पाहुण्यांसमोर तो सांगायचा, "आमच्याकडे शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आहेत आणि भात खाणारी आत्या आहे. गोगलगायी निदान काच तरी साफ करतात."

सगळे हसायचे. आत्याही हसायच्या. न हसून जाणार कुठे?

पण त्या मुक्या जिवांवर त्यांचा जीव जडला. एखादी काचेवरून सुटून वाळूत उताणी पडली की तिला आपलं आपण उलटता येत नाही, तशीच पडून मरते, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं. मग पूजा आटोपली की त्या चिमटा घेऊन टँकपाशी यायच्या, पडलेलीला सरळ करायच्या. शेवाळ कमी झालं की समुद्री शेवाळाचा सुका कागद काचेला लावायच्या. नैवेद्य दाखवावा तशा हळूच.

टँकमधलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज थोडं गोडं पाणी घालावं लागे. नळाचं घालायचं नाही, त्यात औषध असतं, कॅनमधलंच घालायचं, अशी रघूत्तमची ताकीद होती. दसऱ्याला तो आणि मधुमिता तिच्या माहेरी गेले. इकडे दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद झाले, कॅनवाला फिरकलाच नाही. पाणी खाली गेलं, पंप गुरगुरायला लागला. आत्यांनी फोन लावला. रघूत्तमने कापला. परत लावला, परत कापला.

नळाचं तर घालायचं नाही. मग घरात दुसरं पाणी कुठलं? विहिरीचं, पहाटे मडीत भरलेलं, ज्याला दुसऱ्या कुणाचा हातही लागलेला नाही असं. आत्यांनी हात जोडले आणि हंड्यातलं पाणी तांब्या-तांब्याने टँकमध्ये ओतलं.

दुसऱ्या दिवशी गोगलगायी काच सोडून खाली पडल्या. आत्यांनी एकेकीला सरळ केलं, त्या पुन्हा कलंडल्या. ताजं पाणी मिळालं तर तरतरी येईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी हंड्यातलं आणखी पाणी घातलं.

रघूत्तम परतला तेव्हा घरभर घाण सुटली होती. कुठलं पाणी घातलं, एवढंच त्याने विचारलं. मग शांतपणे सांगितलं, की तांब्याचा अंश उतरला तरी त्या मरतात, दुकानदाराने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"मला नाही रे सांगितलंस."

"तुम्ही समुद्रात पूजेचं पाणी ओताल हे मला कसं कळणार?"

"देव न्हातात रे त्या पाण्याने, रघू."

"देव पितळेचे आहेत, आत्या. ते मरत नाहीत."

मधुमिता खुदकन हसली. चिमटा बाजूला ठेवून रघूत्तम म्हणाला, तुमच्याच हातांनी काढा. कांद्यालाही कधी न शिवलेल्या आत्यांनी कोपरापर्यंत हात घालून सुटलेलं, गिळगिळीत मांस शंखांसकट बाहेर काढलं. नंतर विहिरीवर त्यांनी कितीतरी वेळ हात धुतले. तोवर मधुमिताने वृद्धाश्रमाला फोन करून होकार कळवला होता.

आत्यांनी रघूत्तमला एकदाच विचारलं, देवांचं कोण करील? तो म्हणाला, रविवारी बघू.

त्या आठवड्यातच तो त्यांना घेऊन निघाला. वाटेत त्याला सारखे फोन येत होते. नव्या गोगलगायींचं पार्सल दुपारी पोचणार होतं. आत्यांनी विचारलं, उद्या सोडल्या तर चालणार नाही का?

"छे." तो कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी मोकळं बोलला. "पिशवी उघडून एकदम नव्या पाण्यात टाकल्या तर धसक्यानेच मरतात. नळीने थेंब थेंब नवं पाणी द्यायचं, बाजूला बसून राहायचं. सवय व्हायला वेळ द्यावा लागतो, आत्या. घाई चालत नाही."

"सरी, बरं," आत्या म्हणाल्या.

वृद्धाश्रमाच्या फाटकाशी त्याने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं नाही. मागचं दार उघडून पिशवी खाली ठेवली. वाकून नमस्कार केला आणि त्याच हातावरचं घड्याळ पाहिलं.

गाडी वळली. आत्या पिशवी उचलून आत गेल्या. ओसरीवरच्या बाईंनी नाव विचारलं, पलंग दाखवला, आणि जेवणं आटोपलीत म्हणाल्या.