मीना आणि नववीतून गेलेली मुलं

फोन आला तेव्हा मी शारजातल्या अल मजाजच्या आमच्या इमारतीत लिफ्टची वाट पाहत उभी होते. नंबर अनोळखी होता. "आंटी, धिस इज ऋचा... ऋचा आगाशे," पलीकडून आवाज आला. मग एकदम म्हणाली, "आई गेली, आंटी. काल. हार्ट." मी काय बोलले ते आठवत नाही. एक मात्र आठवतं, आणि ते सांगायची लाज वाटते. दुःख होण्याआधी माझ्या मनात आलं, हिला माझा नंबर कुणी दिला? आणि देताना मीनाने माझ्याबद्दल काय सांगून ठेवलं असेल? ऋचा म्हणाली, "तिच्या फोनमध्ये होता." नऊ वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो, तरी तिने तो पुसला नव्हता... त्या फोनला आता सहा आठवडे झाले.

मीना आगाशे आमच्या मुलाच्या, सौरभच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायची. अजमानच्या टोकाला असलेली ती लहानशी भारतीय शाळा एक कमिटी चालवायची. कमिटीत चार-पाच धंदेवाले आणि पालकांचे दोन प्रतिनिधी. इमारत भाड्याची, फी इतर शाळांपेक्षा कमी, म्हणून शारजा-अजमानमधल्या साध्या पगाराच्या लोकांची मुलं तिथे. पहिल्याच पालकसभेत मीनाने मला सौरभची वही दाखवली आणि म्हणाली, "याला गणित येत नाही असं समजू नका. याला 'समजलं नाही' असं म्हणायची भीती वाटते. घरी कोण ओरडतं?" मला राग आला आणि दोन दिवसांनी मीच तिला फोन केला. पुढे कळलं की ती आमच्याच इमारतीत राहते. मग रोज संध्याकाळी आम्ही समोरच्या खाडीच्या, लगूनच्या काठाने चालायला लागलो. तिचा स्वभाव मुळात संशयी. दुधाच्या पाकिटावरची तारीख दोनदा वाचायची, भाजी स्वतः पुन्हा वजन करून घ्यायची, आणि एखाद्या ढ मुलाचं उत्तर बरोबर आलं तर त्याला फळ्यापाशी बोलावून तेच गणित नव्याने करायला लावायची. मी हसले की म्हणायची, "हस तू. पण बरोबर उत्तर कुठून आलं, हे कुणी विचारतच नाही गं."

मग दोन हजार आठचा शेवट आला. माझा नवरा विनय दुबईच्या अल क्वोजमधल्या एका अॅल्युमिनियमच्या कंपनीत होता. तिथे दर रविवारी सकाळी एक यादी निघायची आणि ज्याचं नाव त्यात असेल त्याला "खलास" एवढंच सांगायचे. विनयची नोकरी वाचली, पगार कापला गेला. आगाशे पती-पत्नी भाडं परवडेना म्हणून अजमानला गेले. वर्षाला अठरा हजार दिरहम वाचतील, म्हणजे सव्वादोन लाख रुपयांच्या वर, असं मीनाने मला मोठ्याने हिशेब करून सांगितलं, जणू ती स्वतःलाच पटवत होती. सुपरमार्केटच्या बाहेरचा फलक चिठ्ठ्यांनी भरून गेला होता. सोफा, फ्रिज, मुलाची सायकल, सगळं 'अर्जंट'. ऑफिसात, लिफ्टमध्ये, देवाच्या आरतीला जमलेल्या लोकांतही प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून मनात म्हणत होता, याला काहीतरी आधीच कळलंय.

पालकांचे एक प्रतिनिधी असेच नोकरी जाऊन नागपूरला परतले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. एप्रिलमधल्या माझ्या पहिल्याच मीटिंगमध्ये चेअरमननी एक कागद फिरवला. नववीच्या परीक्षेनंतर शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावं होती. कारणाच्या रकान्यात प्रत्येकापुढे एकच वाक्य : कुटुंबाचं स्थलांतर. चेअरमन म्हणाले, "क्या करें, रिसेशन है." सगळ्यांनी मान हलवली. पट घसरला होता, फी वाढवायला परवानगी मिळत नव्हती. आता दहावीचा शंभर टक्के निकालच नवीन अ‍ॅडमिशन आणेल, असं ठरलं. त्या कागदावर मीही सही केली. त्यात संशय घेण्यासारखं मला काहीच दिसलं नाही, कारण रोजच कुणी ना कुणी जात होतं.

आठवड्याभराने मीना अजमानहून मुद्दाम आली. चालायला लागण्याआधीच म्हणाली, "वृंदा, ती सगळी मुलं गेलीयत असं तुला वाटतं?" तिला शबाना भेटली होती. यादीतलीच मुलगी. अजमानच्या किराणा दुकानात खुबूस रोट्या घेत होती आणि मीनाला बघून रॅकच्या मागे लपली. मीनाने तिला बाहेर काढलं तेव्हा ती रडत म्हणाली, "टीचर, वी डिडन्ट गो. पप्पाला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, दाखला स्वतःहून घेतला तर गुड कॉन्डक्ट लिहून देऊ, नाहीतर नापास करू." मीनाने नंतर आपली मार्कांची वही काढली. गेलेली सगळी मुलं गणितात सगळ्यात खाली होती. वर्गातलं एकही हुशार पोर गेलं नव्हतं. मीना मला विचारत होती, "मंदीला गणिताचे मार्क कसे कळतात गं? बापाची नोकरी घालवायच्या आधी ती पोराची वही बघते का?" आणि मग, "तू कमिटीत आहेस. तू विचार."

मी हो म्हणाले. पण दोन दिवसांनी चेअरमनचा मला फोन आला. आवाज अगदी गोड. "मॅडम, आपका बेटा भी पहले उस लिस्ट में था. हमने देख लिया." एवढंच. मी 'थँक यू' म्हणाले. हे मीनाला मी कधीच सांगितलं नाही. पुढच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, पण ते विचारणं कसलं... "ही मुलं नक्की कुठे गेली, याची शाळेकडे नोंद असते का?" चेअरमन म्हणाले, "होती है, होती है," आणि इतिवृत्तात 'नोंद घेतली' असं लिहिलं गेलं. मीनाला मी म्हटलं की मी विचारलं, त्यांनी टाळलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बरोबर उत्तर आलेल्या ढ मुलाकडे पाहायची तसं.

पुढच्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. फाटकावर मोठा बॅनर लागला आणि सौरभ काठावर का होईना, त्यात होता. मी पेढे वाटले. त्याच महिन्यात कुजबुज सुरू झाली : आगाशे मॅडम घरी शिकवण्या घेतात, त्यांनीच कच्च्या मुलांना शाळेतून काढायला लावलं, स्वतःचा क्लास भरायला. परवान्याशिवाय शिकवणं हा इथे गुन्हा. कमिटीत चेअरमननी विचारलं, "किसी को कुछ पता है?" आणि ते माझ्याकडे बघत राहिले. मी एकदा तिच्या फ्लॅटवर अचानक गेले होते तेव्हा दाराबाहेर मुलांचे सात-आठ जोड बूट दिसले होते. तिने दार अर्धंच उघडलं होतं आणि "आज नको, उद्या भेटू" म्हणाली होती. खरं सांगायचं तर मलाही संशय आला होता. आगाशेंचा पगार निम्म्यावर आलेला. कुणीही घेतल्या असत्या शिकवण्या... मी म्हणाले, "मला माहीत नाही." पण मी ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून सगळ्यांना काय समजायचं ते समजलं. तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. नंतर कुणीतरी तक्रार केली आणि तिच्या फ्लॅटवर सरकारी माणसं चौकशीला आली.

त्यानंतर ती एकदाच भेटली, लगूनच्या काठावर. "तू सांगितलंस?" तिने विचारलं. "नाही, शपथ," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. "मग त्यांनी विचारलं तेव्हा, मीना तसली नाही, असं म्हणालीस?" मी पाण्याकडे बघत राहिले. ती बसस्टॉपकडे चालायला लागली, आणि मी हाक मारली नाही.

तक्रार कुणी केली हे मला आजही ठाऊक नाही. त्या बुटांचं मी फक्त विनयला सांगितलं होतं, रात्री जेवताना. चेअरमनच्या फर्मकडून विनयच्या कंपनीला त्याच सुमारास एक काम मिळालं. त्या दोन गोष्टींचा संबंध असेलच असं नाही. मी त्याला कधी विचारलेलं नाही. हे छापून आल्यावर तोही वाचेल.

तीन वर्षांपूर्वी शारजातल्या एका क्लिनिकच्या काउंटरवरच्या मुलीने माझं कार्ड घेतलं, नाव वाचलं आणि म्हणाली, "तुम्ही सौरभच्या मम्मी ना? मी शबाना." ती ओपन स्कूलमधून दहावी-बारावी झाली होती. यादीतली अजून सहा जणं झाली होती. फॉर्म मीनाने भरले, शिकवलं मीनाने. "मॅडमने एक दिरहम नहीं लिया, आंटी. चौकशी आली तेव्हा पप्पांनीच जाऊन सांगितलं, म्हणून केस मिटली." मी गाडीत येऊन बसले, मीनाचा नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला. उद्या करू म्हणून. तीन वर्षं मी उद्या म्हणत राहिले.

गेल्या शुक्रवारी मी अजमानला मीनाच्या घरी गेले. आगाशे खूप वाळलेत. चहा स्वतः केला, साखर घालायला विसरले. बैठकीच्या खोलीत सोफा नव्हताच. लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर एक पांढरा फळा. त्यावर निळ्या शाईत मीनाच्या अक्षरातलं गणित अर्ध्यावर थांबलेलं. "मला पुसवत नाही," ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, ती माझ्याबद्दल काही म्हणायची का. ते म्हणाले, "नाही. कधीच काही नाही." ते चांगलं की वाईट, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

तेवढ्यात बेल वाजली. आगाशे आत गेलेले, म्हणून दार मी उघडलं. बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि तिची आई. सुट्टीला गावी गेल्या होत्या, काल परतल्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. मुलगी वही छातीशी धरून तशीच उभी राहिली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती माझ्याकडे रोखून बघायला लागली. "आप मॅडम की कौन? आपको कभी देखा नहीं." मैत्रीण, हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"जिस स्कूल ने उनको निकाला," मी म्हणाले, "मैं उसकी कमिटी में थी."

तिने मुलीला हळूच आपल्या मागे घेतलं, आणि माझ्या खांद्यावरून आत बघत हाक मारली, "भाईसाब... भाईसाब घर पे हैं?"