लिंबाजी प्यालेला नव्हता

सोनपेठच्या आठवडी बाजारात आबासाहेबांच्या चहाच्या हॉटेलापुढं लिंबाजी शिलाई मशीन मांडून बसायचा. उसवलेल्या बाह्या, परकराचे नेफे, खताच्या गोणीच्या पिशव्या, असलं काम. हॉटेलाचा पत्रा पुढं आलेला होता, त्याची सावली मशीनवर पडायची. लग्नाच्या आधीपासून तो तिथं बसत होता आणि आता त्याची मुलगी सुकेशनी बारावी झाली होती. आबासाहेब त्याला 'लिंबा' म्हणायचे, तो त्यांना 'तुमी' म्हणायचा. पण दुपारची भाकरी दोघं एकाच बाकावर बसून खायचे.

लिंबाजीचा बाप दारूनं गेला होता. लिंबाजीनं कधी थेंब तोंडाला लावला नाही. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी त्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. लग्नाच्या वरातीत कुणी आग्रह केला तर तो उठून घरी यायचा. हे आबासाहेबांना सगळ्यात जास्त ठाऊक होतं. तंबाखू मात्र सुटली नव्हती. एक चिमूट कायम गालात.

गावात आरोग्य शिबिर झालं तेव्हा त्याचं बीपी बरंच वाढलेलं निघालं. उपकेंद्रातून गोळ्या फुकट मिळायच्या. त्यानं काही दिवस घेतल्या. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, मग गोळी कशाची, असं त्याला वाटायला लागलं. आबासाहेबही म्हणाले की एकदा गोळी धरली की जन्माची मागं लागते, तू तर घोड्यासारखा हायेस. लिंबाजीला ते पटलं. बायकोला, सरजाबाईला, त्यानं सांगितलं की डॉक्टरनीच बंद केल्यात.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका बाजारी सुईत दोरा ओवता ओवता त्याचा उजवा हात बधिर झाला. बोलायला गेला तर शब्द सापडेना. आबासाहेबांनी त्याला बाकावर बसवलं, सरबत दिलं. चहाची एक खेप होईस्तोवर सगळं जागच्या जागी आलं. दोघं हसले. उष्णता झाली असणार, असं ठरलं. घरी त्यानं हे सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात, बाजार भरून वाहत असताना, कात्री त्याच्या हातातून खाली पडली. उचलायला वाकला तर उजवा पाय आपला राहिला नव्हता. तो मशीन धरून उठला, दोन पावलं तिरपा गेला आणि कांद्याच्या ढिगावर कलंडला. कांदेवाल्यानं शिव्या घातल्या. लिंबाजीला सांगायचं होतं की मला काहीतरी व्हायलंय. तोंडातून निघाला तो नुसता जड, चिकट आवाज. लाळ गळत होती. लोक जमले, कुणी हसलं.

"सकाळी सकाळीच टाकून आलाय गडी," एक जण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "त्यांच्यात चालतंच हो."

आबासाहेब गल्ल्यावरून उठून आले. लिंबाजीला बरं वाटलं. आता आबासाहेब सांगतील, असं त्याला वाटलं. त्याला सगळं नीट ऐकू येत होतं, कळत होतं.

आबासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग गर्दीकडं पाहिलं. "घेतली असंल आज," ते म्हणाले. "लिंबू पिळा तोंडात आन् तिकडं झाडाखाली टाका. झोपू द्या."

लिंबाचं पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर आलं, थोडं घशात गेलं आणि तो जिवाच्या आकांतानं खोकला. मग त्याला कडुलिंबाच्या झाडाखाली पोत्यावर निजवलं. आबासाहेब परत भज्याच्या कढईपाशी गेले. लिंबाजीला पडल्या पडल्या हॉटेल दिसत होतं. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. मशीनवाला कुठाय, असं कुणी विचारलं की आबासाहेब झाडाकडं बोट करून काहीतरी सांगायचे आणि माणूस मान हलवत निघून जायचा. लिंबाजी डाव्या डोळ्यानं रडत होता की दोन्हींनी, हे त्याला कळत नव्हतं.

सरजाबाई भाजी घ्यायला आली तेव्हा ऊन कललं होतं. आबासाहेबांनी तिला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की घरी कळवलं न्हाई, तुमची आब्रू जाईल म्हणून.

"काय कळवलं न्हाई?" ती म्हणाली आणि झाडाकडं धावली. तिनं आधी नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. मग तोंड वाकडं दिसलं तसे त्याचे दोन्ही हात उचलून धरले आणि सोडले. डावा वरच राहिला. उजवा पोत्यावर पडला.

"लकवा मारलाय यांना," ती म्हणाली. लोक पुन्हा जमले. कुणी एका गावच्या झाडपाल्याचं नाव घेतलं, तिथं लकव्याचं औषध देतात म्हणे. सरजाबाईनं ऐकून घेतलं नाही. तिनं १०८ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत त्याचं डोकं एका कुशीवर धरून बसली.

परभणीच्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत रक्ताची गाठ अडकलीय, असं त्यांनी समजावलं. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून त्यांनी विचारलं, सुरू कधी झालं?

सरजाबाईला माहीत नव्हतं. तिनं आबासाहेबांना फोन केला. पलीकडून बाजार आवरल्याची खडखड ऐकू आली. मग ते म्हणाले, "अकरा वाजले असतील."

वेळ केव्हाच टळली होती. सरजाबाईनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बीपीच्या गोळ्यांचं विचारलं, तंबाखूचं विचारलं, आधी कधी असं झालं होतं का ते विचारलं. लिंबाजीनं डाव्या हातानं सुई ओवायची खूण केली आणि लुळ्या उजव्या हाताकडं बोट दाखवलं. तो झटका येण्याआधीचा इशारा होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आपोआप बरं झालं तरी त्याच दिवशी यायचं असतं. बीपी दुखत नाही, म्हणून गोळी थांबवायची नसते. सरजाबाई नवऱ्याकडं बघत राहिली. डॉक्टरनी बंद केल्यात, हे त्याचे शब्द तिला आठवले असणार. त्यानं डोळे मिटून घेतले.

महिना-दीड महिन्यात पाय बराचसा परतला, बोलणं अडखळत का होईना परतलं. उजवी बोटं परतली नाहीत. आबासाहेब केळी घेऊन घरी आले. खाटेच्या कडेला बसून हवापाण्याचं बोलले. लिंबाजीनं एकेक शब्द जुळवला.

"आबासाहेब, माज्या... तोंडाला... वास आलता का?"

आबासाहेबांनी खाली पाहिलं. "न्हाई."

"मग?"

"बाजाराचा दिस व्हता, लिंबा. गिऱ्हाईक व्हतं. समदेच म्हणत व्हते."

लिंबाजी भिंतीकडं वळला. सरजाबाईनं केळी पिशवीसकट परत दिली. नंतर गावातल्या दोघा-तिघांनी समेटाचा प्रयत्न केला. माणूस चुकतो, असं त्याला समजावलं. तो ऐकून घ्यायचा, पण हॉटेलापुढं परत बसला नाही.

आता मशीन भुसार बाजाराच्या टोकाला असतं. तिथं सावली नाही, सुकेशनीनं जुन्या चादरीचं छप्पर केलंय. शिवते ती. लिंबाजी शेजारी बसून टेप धरतो, माप सांगतो. गोळी रोज सकाळी बायकोच्या समोर घेतो. तंबाखू सोडलीय, जेवणात वरून मीठ घेत नाही.

मागच्या बाजारात एक माणूस झोकांड्या खात आला आणि ज्वारीच्या पोत्यांत पडला. लोक हसले. लिंबाजी काठी टेकत उठला. त्यानं सुकेशनीला बोलावलं, दवाखान्यात शिकवलं होतं तसं त्या माणसाला हसून दाखवायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, नाव विचारलं. माणूस हसला, तोंड सरळ होतं. हात वर राहिले. नावही सांगितलं, गावासकट. तोंडाचा भपकारा तर लांबूनच येत होता.

"अहो लिंबाजी, प्यालाय त्यो," ज्वारीवाला म्हणाला.

"आसू द्या," लिंबाजी म्हणाला. "बघायला... काय लागतं?"