ग्रहणातलं वांगं

"ग्रहणात काय चिरलं होतं, बाई?" संस्थेच्या अध्यक्षांनी माइकवरून माझ्या आईला विचारलं.

भंडाऱ्याचा हॉल. मी आठ वर्षांची. जन्मापासून फाटलेला माझा ओठ संस्थेनं फुकटात शिवून दिला होता. देणगीदार पुढच्या रांगेत. आम्ही मायलेकी स्टेजवर.

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. विचारलं की खरं सांगायचं, एवढंच तिला ठाऊक.

"वांगे चिरले होते जी."

हॉल खदाखदा हसला. अध्यक्ष म्हणाले, "बघा! वांगी यांनी चिरली, टाके आम्ही घातले!" टाळ्या पडल्या. एका बाईंनी माझी हनुवटी वर केली. "हस ना बेटा, फोटो काढायचाय."

मी हसले. ओठ बधिर होता. मीही.

स्टेजवर डॉक्टर होते. ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही, हे आईला कुणीच सांगितलं नाही. तेही हसत होते.

घरी त्याच वांग्यावरून आजी आईला रोज टोचायची. "तुह्याच हातानं पोरीचं तोंड चिरलं तू." आई मान खाली घालून भाकरी थापायची.

अध्यक्षांना मात्र तो किस्सा फार आवडला. दरवर्षी संस्थेच्या ऑपरेशन शिबिराला आम्हाला बोलावणं यायचं. तोच प्रश्न, तेच उत्तर, तसंच हसू. आम्ही जात राहिलो. उपकार होते ना डोक्यावर.

आता मी लाखनीला औषधांच्या दुकानात काम करते. यंदाही आम्ही गेलो. स्टेजमागे एक कोवळी बाई बसली होती. मांडीवर तान्हं, ओठ फाटलेला. आई मायेनं तिच्याजवळ बसली.

"ग्रहणात काय चिरलं होतं व माय?"

ती बाई खालीच बघत राहिली. "आठवून राहिली जी. लय आठवून राहिली. काहीच आठवत नाही."

न केलेला गुन्हा शोधत होती ती.

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. अध्यक्षांनी हसतच विचारलं, "हं, ग्रहणात काय चिरलं होतं?"

आईनं तोंड उघडलं. मी माइक घेतला.

"काही सांगणार नाही ती. तिच्यामुळे काही झालं नाही. डॉक्टर समोर बसलेत, त्यांना विचारा."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी आईचा हात धरून खाली उतरले.

एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती. भंडारा मागं पडल्यावर म्हणाली, "मंग ते वांगे?"

"भाजी झाली त्यांची, आई. बाकी काही नाही."

"मंग इतके सालं..."

डोक्यावरचा पदर सारखा केला तिनं. रडली नाही.

पुढच्या शिबिराला मी जाणार आहे. आता बोलावणार नाहीत, तरी जाणार. हॉलच्या दारात बसणार. लेकरू घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून सांगणार: ऑपरेशन करून घे, तुझ्या लेकराचा हक्क आहे तो. पण स्टेजवर चढू नको. तू काही केलं नाहीस.