पलंगाकडची झडप

बारा मे, सकाळी दहा वाजता मिस्त्री राजूरहून आमच्या छतात चारी बाजूंच्या झडपांतून वारा सोडणारा एसी बसवायला आला. आमचे कूलर वर्षानुवर्षे तोच दुरुस्त करी. प्रत्येक बोल्ट आवळल्यावर ‘‘बराबर, बिलकुल बराबर’’ असे पुटपुटे. माणसांशी क्वचितच बोले.

त्या छताखालीच पलंगावर अर्धांगवायूने वाचा गेलेली माझी पत्नी पडून होती. ती हा उन्हाळा काढील, असे डॉक्टर म्हणत नव्हते.

यंत्र सुरू करून त्याने विचारले, ‘‘काकू, वारं लई लागून राह्यलं का?’’

‘‘ठीक आहे,’’ मी म्हणालो.

‘‘काका, तुम्हाला न्हाई इचारलं.’’

तो रिमोट धरून थांबला. तिला कोणी काही विचारल्याला बराच काळ लोटला होता. अखेर तिने वाऱ्यापासून तोंड किंचित वळवले.

तो पुन्हा शिडीवर चढला आणि त्याने पलंगाकडची झडप बंद केली.