तागडीसाहेबाची भाकरी

गळ्यात तागडी अडकवून गावात आलेला माणूस मी जन्मात एकच बघितला. सहा फुटी गोरा. चालायला लागला की पितळेची पारडी टाळासारखी वाजायची. मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. त्याचं विद्यापीठ साता समुद्रापलीकडं आणि आपल्याकडचं शेतकी कॉलेज, दोघांनी मिळून गरीब मुलखाची ज्वारी वाढवायची असा करार झाला होता. गरीब मुलूख म्हणजे आपण, हे मला मागाहून कळलं. नव्या बियाण्याच्या चाचणीला रान माझं निवडलं. गाव त्याला तागडीसाहेब म्हणू लागलं आणि तोही ओ देऊ लागला.

तोलल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. कणीस तोलायचा, माती तोलायचा. बैलानं शेण टाकलं की हा तागडी घेऊन मागं हजर. माझी बायको गोदा मला म्हणाली, "आता तुमाला तोलंल बघा. पासंगाला बी पुरायचं न्हाय तुमी."

मराठी तो पुस्तकातली बोलायचा. गोदा भाकरी करायला बसली की विचारायचा, "वहिनी, अंदाज म्हणजे किती ग्रॅम?" ती हसून हसून पदर तोंडात कोंबायची.

नवं वाण जेमतेम कमरेएवढं वाढलं, पण दाणा आमच्या ज्वारीच्या दीडपट. कॉलेजचे प्रोफेसर खूश. साहेबाचा अहवाल गेला की तेच बी सगळ्या तालुक्याला वाटायचं ठरलं होतं. गोदानं त्या पिठाची भाकरी थापली, ती परातीतच चिरली. गोदा तशीच उठून अंगणात आली.

"सायबा, भाकर तर चिरलीच. पर दाना तोललास. कडबा कुनी तोलायचा? माजी बैलं काय तुजा कागुद खातील?"

साहेबाचं तोंड उतरलं. त्याच्या मुलखात ज्वारीची ताटं रानातच गाडतात म्हणे, त्यामुळं कडबा तोलायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन दिवस अंगणात बसून त्यानं पेंढी न् पेंढी तोलली. कडबा नेहमीच्या निम्मासुद्धा भरला नाही.

प्रोफेसर हातापाया पडायला आले. "साहेब, हे लिहिलंत तर करार मोडेल. तुम्हालाही परत बोलावतील."

साहेब म्हणाला, "मग बैलांना काय लिहू?"

बी वाटलं गेलं नाही. साहेबाला मात्र परत बोलावलं. जायला पंधरा-वीस दिवस होते, तेवढ्यात हा गडी चुलीपुढं मांडी घालून भाकरी शिकला. पहिल्या भाकऱ्या कुत्र्यानंही हुंगून सोडल्या. शेवटी एक टम्म फुगली, तेव्हा असा उठून नाचला की आढ्याला डोकं आपटलं. गोदा मला म्हणाली, "सायेब शिकला. तुमाला आदन कसं ठेवत्यात ते तरी ठावं हाय का?"

मी म्हणालो, "तू हायेस की."

जाताना तो तागडी गोदाला देऊन गेला आणि मला एक कागद. त्यावर भाकरीची सगळी मापं, पीठ किती, पाणी किती, थापा किती. शेवटची ओळ अशी: 'पाण्याचा अखेरचा शिंतोडा. वहिनींचा अंदाज. वजन झाले नाही.'

गोदा जाऊन आता दोन महिने झाले. तो कागद मी चुलीमागच्या भिंतीला चिकटवलाय. मी चौथी नापास, बोट ठेवून वाचतो. पीठ तोलतो, पाणी तोलतो, थापा मोजतो. भाकरी चिरते ती चिरतेच. शेवटच्या ओळीवर बोट आलं की रोज तोंडातून निघून जातं, "गोदे, किती गं?"