टाकीखालचा मोजा

शहाद्यातल्या ज्या दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते, तिथे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आहे. समुद्र इथून कितीतरी लांब. डॉक्टर सरांनी टाकी सुरतेहून आणली, सोबत इंग्रजी पुस्तिका आली आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून ती माझ्या टेबलावर ठेवली गेली. तेव्हापासून टाकी सरांची आणि तिची घाण माझी.

घाण अडवतो तो मोजा. टाकीच्या खाली कपाटात दुसरी छोटी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी पाइपातून खाली येतं ते आधी एका पांढऱ्या, जाड फेल्टच्या लांबट पिशवीत पडतं; हाच तो मोजा. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, सगळं तिच्यात अडकतं. दर तीन दिवसांनी ती बदलायची. उलटी करून नळाच्या धारेखाली धरायची, ब्लीचच्या पाण्यात बुडवायची, भरपूर खळबळायची आणि उन्हात कडक वाळवायची. साबण नाही, पावडर नाही. हे वाक्य पुस्तिकेत ठळक अक्षरात आहे. मी ते सरांना दोनदा वाचून दाखवलं होतं.

फरशी पुसायला येणाऱ्या मावशींनाही मी सांगितलं होतं. त्या तळोद्याच्या वरच्या डोंगरातल्या, आता लोणखेड्यात राहतात. घरी पावरी बोलतात, माझ्याशी अहिराणी. मी म्हटलं, टाकीच्या खोलीत फिनाईल नको. त्या दिवसापासून त्यांनी त्या खोलीसाठी वेगळी बादली केली, तिला लाल चिंधी बांधली आणि तिच्यात साध्या पाण्याशिवाय काही घातलं नाही. एकदा सांगितलेलं त्यांना पुरलं.

सरांना मात्र गच्चीवर वाळणारे मोजे खुपत होते. "पेशंटना वाटेल आपण कोणाचे मोजे धुतो," म्हणाले आणि दोन मोजे घरच्या वॉशिंग मशीनला लावायला घेऊन गेले. सोमवारी घडी घालून परत आणले. "बघ, कसे पांढरे झाले."

मोज्यांना फुलांचा वास येत होता, कपडे मऊ करायच्या लिक्विडचा. मला तो स्पष्ट आला. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर सर केबिनमध्ये गेले होते. मग मी एक मोजा बसवला. याबद्दल मला अजून स्वतःचाच राग येतो. दोन पावलं चालून दार वाजवायचं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सम्पमध्ये दुधासारखा फेस होता आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी मोजा काढला, पाणी बदललं. दुपारपर्यंत एक पिवळा मासा मेला.

सर आले, खोलीभर नजर फिरवली आणि त्यांना लाल चिंधीची बादली दिसली. "फिनाईल," ते म्हणाले. मावशी हातात फडकं घेऊन उभ्या होत्या.

"मी काहीबी टाकेल नही, ताई," त्या सरांकडे न बघता मला म्हणाल्या. "मासा मारीसन माले काय भेटी?"

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, या लोकांना कळतच नाही. मीही त्यांच्याच बाजूची आहे, असं ते धरून चालले होते. मी गप्प राहिले म्हणून तसं वाटलं असणार. मावशी चप्पल घालून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वच्छ पाण्याची बादली वेटिंगमध्येच ठेवली, न वापरलेला दुसरा मोजा तिच्यात बुडवला आणि सर आल्यावर घुसळला. फेस काठापर्यंत आला.

"सर, हा टाकीत गेलेलाच नाही," मी म्हटलं.

कवळीसाठी आलेले सुतारचाचा वाकून बघायला लागले. टाकीखालचं कपाट त्यांनीच बनवलेलं. "डॉक्टरसाब, इतने में तो मेरा कुर्ता धुल जाए."

दोन बायका हसल्या. सरांचे कान लाल झाले. "ठीक आहे, बोलव तिला परत."

"तुम्ही बोलवा," मी म्हटलं, मावशींना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"अगं, उद्यापासून ये," सर म्हणाले.

"मासा कोणी मारा?" पलीकडून मावशींनी विचारलं.

सर माझ्याकडे बघायला लागले. मी फोन त्यांच्या आणखी जवळ सरकवला. चुकून झालं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते म्हणाले, "पुढचा पेशंट पाठव," आणि आत गेले.

"ताई, बोलना का तो?"

"नही."

"मंग माले नही येवानं," त्या म्हणाल्या. आवाजात रडू नव्हतं. "त्याना तोंडे सांगी, तवय येसू."

त्या आल्या नाहीत. सर त्या पिवळ्या माशाची गोष्ट पेशंटना अजून फिनाईलचीच सांगतात, दार बंद करून, हळू आवाजात. मला नवी बाई शोधायला सांगितलंय. रोज विचारतात, मिळाली का. मी नाही म्हणते. मी शोधतच नाहीये आणि एव्हाना ते त्यांच्याही लक्षात आलं असेल.