देवहलवे काका

नव्या गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, पेढा हातावर पडला, की काका आधी डॅशबोर्डवरच्या मूर्तीला मनोभावे नमस्कार करायचे आणि मग म्हणायचे, "आता यांना इथून हलवा." पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीत त्यांचं नाव देवहलवे काका पडलं ते त्यामुळेच. माणूस नास्तिक मुळीच नव्हता. गुरुवारचा उपास, कपाळाला बुक्का, सगळं यथासांग.

आता ते निवृत्त होऊन लातूरकडे, आपल्या गावी असतात. तेव्हा आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. चाकणच्या एका कंपनीत एअरबॅगच्या चाचण्या घेणं हे त्यांचं काम. आपलं सगळं शास्त्र ते थोडक्यात सांगत. "गाडी थांबते, आतलं काही थांबत नाही. माणसाला पट्टा असतो, देवाला कोण पट्टा लावणार?" त्यातून मूर्ती एअरबॅगच्या झाकणावरच चिकटवलेली असली, तर पिशवी उघडताना ती पापणी लवायच्या आत समोरच्याच्या तोंडावर येते, हे त्यांनी न चिडता किती जणांना सांगितलं असेल. लोक ऐकून घेत, आणखी एक पेढा देत, आणि देव होता तिथेच ठेवत.

मी गाडी घेतली तेव्हा आईने माहेरहून आलेला पितळी गणपती नेमका त्याच झाकणावर बसवला. शेजारची सीट तिची. देवासमोर तीच बसणार. काका बोलले आणि आईचा पारा चढला. आम्ही इथले मूळ गावचे, ते भाडेकरू. तिने त्यांना सरळ खोली सोडायला सांगितली. त्यांची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. मला वाटलं, आता तरी गप्प बसतील. कसले बसतात! दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरले ते थेट आमच्या ओट्यावर.

"खोली सोडतो, ताई. पण तेवढा देव काढा. उद्या ते झाकण फुटलं तर पहिला मार त्यालाच बसतो बघा."

आईने वळून गाडीतल्या गणपतीकडे बघितलं.

"देवाला लागंल म्हनता?"

"लागतंय की."

"मग आधी का न्हाई सांगितलं?" म्हणाली, आणि स्वतः जाऊन मूर्ती काढून आणली, देव्हाऱ्यात ठेवली. स्वतःच्या तोंडाची तिला काही पर्वा नव्हती. खोलीचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

पुढे चार महिन्यांनी चाकण रस्त्यावर कांद्याचा ट्रक अचानक थांबला आणि मी मागून जाऊन आदळलो. आईच्या छातीवर पट्ट्याचा वळ उठला, बाकी ती धडधाकट होती. दुसऱ्या दिवशी काका माझ्याबरोबर गॅरेजला आले. दुमडलेलं बॉनेट बघून मी हळहळलो, तर म्हणाले, धक्का त्याने खाल्ला म्हणून तुमच्यापर्यंत कमी आला, त्याचं कामच ते.

मग ते गाडीतल्या आईच्या सीटकडे वळले. कंपनीत चाचणीसाठी गाडीत बसवलेल्या पुतळ्याच्या तोंडाला रंग लावतात. पिशवीवर डाग कुठे पडला त्यावरून डोकं कुठे टेकलं ते कळतं; मध्यावर पडला तर पिशवीने डोकं नीट झेललं. असे डाग बघण्यात काकांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. त्याच सवयीने त्यांनी आमच्या गाडीतली लोंबणारी पिशवी हाताने पसरली. तिच्यावर आईचं कुंकू उमटलेलं होतं.

"बरोबर मध्यावर आलंय," काका म्हणाले, आणि पिशवी तशीच हातात धरून रडू लागले.